घरीं परतण्याचें गाणें

संगीत लोकप्रिय झालें कीं तें बाटलें, असें मानणारे केवळ जुन्या पिढींतच असतात, असा आमचा समज होता. शिक्षणासाठीं आमचे येथें राहणाऱ्या पुतण्यानें तो दूर केला. त्याला ‘ट्रान्स’ नांवाच्या यंत्रसंगीताचें वेड आहे. १९९० नंतर जर्मनींतील नृत्यगृहांत व आपल्या शेजारीं गोव्यांत हणजूणच्या किनाऱ्यावर हें वाढलें. मिनिटाला सुमारें १३० ते १४० ठोके! २००४ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिकच्या उद्घाटनांत टिएस्टो या डच वादकानें तें सर्व जगापुढें वाजविलें. आम्हीं याचें कौतुक करतांच चिरंजीव उसळले, “काका, तो आतां बाजारी झाला!”

आम्ही हंसलों. नाट्यपदें गल्लोगल्लीं ऐकूं येतात म्हणून आमचे आजोबाही असेंच नाक मुरडीत. परंतु त्यानें आम्हांस रॉबर्ट माइल्स या इटालियन संगीतकाराची, १९९६ सालीं युरोपभर गाजलेली ‘चिल्ड्रेन’ ही रचना दोन प्रकारांनीं ऐकविली. मूळ रचना सात मिनिटांहून मोठी. अशा रचनांचा आरंभ व अखेर बहुधा नुसत्या ठोक्यांची असते; कारण एक तबकडी दुसरींत बेमालूम मिसळावयाची असते. नभोवाणीसाठीं केलेली आवृत्ति सुमारें चार मिनिटांची. तींत सूर राहिले. वाट पाहणें गेलें.

या रचनेमागील एक हेतु ऐकून मात्र आम्ही गंभीर झालों. इटलींत रात्रभर नाचून पहांटे मोटार हांकीत परतणारीं कितीतरी मुलें अपघातांत दगावत. निघण्यापूर्वीं त्यांचीं मनें शांत व्हावींत म्हणून माइल्सनें तो मंद पियानो योजिला. म्हणजे ही भैरवीच! भैरवी मैफलीच्या आरंभीं गायली तर सूर तेच राहतील. भैरवी राहणार नाहीं. तेव्हां पुतण्याच्या तक्रारींत तथ्य आहे. प्रसिद्धीनें गाणें बाटत नाहीं, पण त्याची वेळ हरवते.

गेल्या शनिवारीं तो मित्रांबरोबर अशाच एका नृत्यास गेला. रात्रीं अडीचपर्यंत आम्ही उभयतां जागींच होतों. फाटक वाजलें तेव्हां रागावण्याचें विसरून आम्हीं इतकेंच विचारलें, “शेवटीं तें लावलें होतें का रे?”

“छे, काका! तें आतां फारच प्रसिद्ध आहे.”

मुलें सुखरूप घरीं पोंचावींत म्हणून रचलेलें गाणें, केवळ सर्वांना ठाऊक आहे म्हणून टाकावें, हें आमच्या आजोबांनाही सुचलें नसतें.