निवृत्तीनंतरचा मुक्काम

सरकारी कचेरीत साऱ्या भविष्यकाळाला एकच नाव असते : निवृत्ती. घर बांधणे, पेटी शिकणे, काशी-रामेश्वर करणे अशा यच्चयावत् इच्छा या एकाच खुंटीला टांगलेल्या असतात. तारीखही संदिग्ध नाही. वयाची साठ वर्षे ज्या महिन्यात पुरी होतील त्या महिन्याची अखेर. जन्म पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याची. ही मर्यादा १९९८ पर्यंत अठ्ठावन्नाची होती; म्हणजे खुंटी आणखी दोन वर्षे पुढे ठोकली गेली, इतकेच. आमची तारीख चोवीस वर्षांवर आहे. निवृत्तीनंतरच्या प्रवासाचा बेत आम्ही आताच आखीत आहोत हे ऐकून सहकारी हसतात. त्यांच्या हसण्याचा आदर राखूनही आम्हांस वाटते की, प्रवास पुढे ढकलता येतो, त्याची तयारी मात्र पुढे ढकलता येत नाही.

नोकरीतल्या प्रवासाला सरकारचा आधार असतो. चार वर्षांच्या एका गटात एकदा भारतात कोठेही जाण्याची सवलत मिळते. पण रजा मोजकी, मुलांच्या परीक्षा, आणि परतल्यावर सादर करावयाची तिकिटे. यांतून डोंगर दिसतो तोही देयकाच्या आकाराचा. निवृत्त झाल्यावर ती सवलत संपते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलतही मार्च २०२० मध्ये बंद झाली. मग हाती उरते ती एकच श्रीमंती, सवड. आणि नेमकी तीच आपण उधळतो. आमच्या परिचयाचे एक वडीलधारे गृहस्थ निवृत्त होताच बारा दिवसांत अकरा गावे करून आले. कोठले देऊळ कोठल्या गावी, याचा त्यांना आठवडाभरात विसर पडला; गुडघ्यांना मात्र सगळ्या पायऱ्या लक्षात राहिल्या.

जुन्या लोकांची काशीयात्रा अशी नव्हती. देणी फेडून, निरवानिरव करून माणूस निघे. आणि ज्या गावी जावयाचे ते कीर्तनापुराणांतून त्याने जन्मभर ऐकलेले असे. डोळ्यांआधी कानांची ओळख झालेली असे. आपल्या निवृत्तीला अशी आधीची ओळख हवी. म्हणून आम्ही बारा गावांची यादी फाडली आणि एकच गाव ठेवले : तंजावर.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावरची ओढ वाटावी, याला कारण आहे. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे गादी स्थापिली आणि १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंत कावेरीच्या काठी मराठी दरबार नांदला. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला. तो कोरविणाऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. ते स्वतः १८२०च्या सुमारास काशीयात्रेस गेले होते. त्यांच्या वाटेच्या उलट दिशेने आपण जावे, ही कल्पनाच आम्हांस फार गोड वाटली.

परंतु आमचा खरा मोह त्या ग्रंथालयातील मोडी कागदांचा. राजवाड्याचा खर्च, कोणाला काय दिले, कोठून काय आणविले, याच्या नोंदी त्यांत आहेत. राजे इतिहासाने सांभाळले; त्यांचे हिशेब लिहिणारे कारकून कोणी सांभाळले? दोनशे वर्षांपूर्वी दिवसभर मान मोडून लिहिणाऱ्या त्या आपल्या जातभाईंची अक्षरे साठीनंतर सावकाश वाचावीत, असे आम्ही ठरविले. मोडीत आधी पानभर ओळ आखावी लागते, मग अक्षरे तिला लोंबकळतात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते. ही लिपी काही महिन्यांत ओळखता येते, पण तिची सवय व्हावयास वर्षे लागतात. म्हणून रोज रात्री अर्धा तास.

बेत सौभाग्यवतीस सांगितला. आश्विन ते मार्गशीर्ष तेथे ईशान्येचा पाऊस. म्हणून पौषात जावे, दोन महिने खोली भाड्याने घ्यावी, सकाळी ग्रंथालय, पौष वद्य पंचमीस जवळच तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुम्ही मेलेल्यांशी बोलाल. मी कोणाशी बोलू?” दुसऱ्याच आठवड्यात तिने तमिळचे पुस्तक आणिले. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर पाहून ती प्रथम हसली. पुढे ‘ळ’ची आणखी एक बहीण तेथे आहे आणि ती आपल्या जिभेला दाद देत नाही, असे आढळल्यावर हसणे थांबले. आता ती शेजारच्या तमिळ आजींना रोज एक वाक्य ऐकविते आणि दोन चुका घेऊन परत येते.

अशी आमची वाटणी झाली होती : कागद आमचे, माणसे तिची. मध्यंतरी एका रात्री पुस्तक मिटीत ती म्हणाली, “चोवीस वर्षांनी आपण दोघेही असू, हे धरूनच चाललो आहोत ना आपण?” या प्रश्नाला कोणत्याही सेवानियमात उत्तर नाही. आम्ही काही बोललो नाही. खुंटीवर टांगलेल्या इच्छांचे हेच भय असते. खुंटी पक्की असते, टांगणारा नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून वाटणी मोडली. जो मागे राहील त्याला एकट्याने जाता आले पाहिजे. ग्रंथालयातही बसता आले पाहिजे आणि बाजारात भाजीही घेता आली पाहिजे. आता तिच्या वहीत मोडीची बाराखडी आहे आणि आमच्या टेबलावर तमिळचे पुस्तक. तिचे मोडी अक्षर आमच्यापेक्षा वळणदार येते. आणि आम्ही काल आजींना तमिळमधून कुशल विचारिले. त्यांना ते दुसऱ्या खेपेस कळले.