जुन्या गाडीचा श्वास

मुरब्याच्या आमच्या अंगणात बाबांची जुनी ॲम्बेसेडर आहे. तिचे १४८९ सीसीचे इंजिन उघडून पुन्हा बांधले, तरी ती उभ्या जागी धापा टाकी. मॅनिफोल्डच्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडताच धाप निवळली. म्हणजे तिथूनच चोरटी हवा आत शिरत होती. मी नव्या गॅस्केटवर लेप थापू लागलो.

“होडीची फट नव्हे ही,” बाबा म्हणाले. “पेट्रोलच्या नळीला आणि धुराच्या नळीला गॅस्केट एकच. लेप धगीने जळेल. आधी पट्टी लावून लोखंड सपाट आहे का बघ.”

वाकडेच होते! घासून सपाट केले, गॅस्केट कोरडेच बसवले. बाबांचे हात आता थरथरतात. पाना माझा, बोट त्यांचे. नट मधून कडेकडे आवळले.

दिवाळीच्या पहाटे गाडी शांत धडधडली. मी मात्र गप्प झालो. घरातल्या किती फटींवर आजवर नुसताच लेप थापला मी!