जुन्या यंत्राचे व्रण

वाळूचे आणि आपले नाते जुने आहे. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला वाळू म्हटले की किनारा, सुरूची बने आणि सुकत घातलेली मासळी आठवते. समुद्रापासून पुष्कळ आत, सपाट माळावर पसरलेली वाळू मी प्रथम पाहिली ती बेल्जियमच्या ईशान्येला, केंपेन नावाच्या प्रदेशात. तिथे पाइनची राने आहेत, उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळी होणारी खुरटी झुडपे आहेत, पोस्टेल आणि टोंगर्लो यांसारखे नॉर्बर्टाइन संघाचे जुने मठ आहेत. आणि रविवारी मिस्सा आटोपून बाहेर आले की रानापलीकडून, वाऱ्याच्या झुळकीसरशी, मोटारसायकलींचा कर्कश आवाज ऐकू येत असे. २००२ ते २००४ या काळात मी लुव्हेनच्या विद्यापीठात शिकत होतो आणि शनिवार-रविवारी तिथल्या एका धर्मग्रामात मदतीला जात असे. त्या आवाजाविषयी मी विचारले, तेव्हा सॅक्रिस्टीतले वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, “फादर, हा आमचा दुसरा धर्म.”

या खेळाला मोटोक्रॉस म्हणतात. यात डांबरी रस्ता वर्ज्य असतो. टेकाडे, खाचखळगे, चिखल आणि वाळू यांमधून आखलेल्या वाटेवर फेऱ्या मारायच्या, उड्या घ्यायच्या, पडले तर उठून पुन्हा किक मारायची. इंग्लंडमध्ये १९२४ च्या सुमारास हा खेळ सुरू झाला आणि १९५७ मध्ये त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली. पण पुढे अनेक वर्षे त्यावर राज्य केले ते चिमुकल्या बेल्जियमने. जोएल रोबेर हा तरुण १९६४ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. त्याने एकूण सहा अजिंक्यपदे मिळवली; त्यांपैकी पहिली तीन चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या ‘सीझेड’ मोटारसायकलीवर. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरला ‘जावा’ आणि नंतर ‘येझदी’ या नावांनी ज्या गाड्या तयार होऊ लागल्या, त्या घराण्याची ही चुलत बहीणच. आमच्या लहानपणी भाजीच्या टोपल्या बांधून स्टेशनकडे धावणाऱ्या येझदीचा फटफटाट ज्यांच्या कानांत अजून आहे, त्यांना हे नाते सांगावे लागणार नाही.

ही सीझेड स्ट्राकोनित्से गावच्या कारखान्यात बनत असे. ते गाव चेस्के बुड्येयोव्हित्से धर्मप्रांतात येते. या धर्मप्रांतातले एक धर्मगुरू मिलोस्लाव व्ल्क यांची धर्मसेवेची परवानगी कम्युनिस्ट सरकारने १९७८ मध्ये काढून घेतली, आणि १९८६ पर्यंत ते प्राग शहरात दुकानांच्या खिडक्या धूत होते. पुढे १९९१ मध्ये ते त्याच प्रागचे आर्चबिशप झाले. ज्या राजवटीला धर्मगुरूंचे हात वेदीवर नको होते, तिच्याच कारखान्यांतून निघालेल्या गाड्या केंपेनच्या कॅथलिक शेतकऱ्यांच्या मुलांनी रविवारच्या मिस्सानंतर दामटल्या. हे आपले जाता जाता सांगितले.

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या घरी अशी एक सीझेड होती. घरधन्याने ती १९६९ मध्ये घेतली होती आणि १९७५ पर्यंत तो तिच्यावर स्थानिक शर्यती खेळला. जगज्जेता वगैरे नव्हे. पंचक्रोशीत नाव असलेला एक हौशी स्वार. त्यानंतर गाई वाढल्या, संसार वाढला, आणि गाडी गोठ्यामागच्या कोठारात गेली ती तिथेच राहिली. २००२ मध्ये तो वारला. वर्षश्राद्धाचा मिस्सा झाल्यावर त्याच्या पत्नीने मला घरी बोलावले. कॉफी झाली आणि त्या म्हणाल्या, “मेनेर पास्तोर, माझी दोन मुले त्या लोखंडावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. आमच्या फादरांना मी विचारणार नाही, कारण त्यांना दोघेही लहानपणापासून ठाऊक आहेत. तुम्ही परके आहात, तुम्ही सांगा.” परका असल्याचा लाभ आयुष्यात क्वचितच होतो, तो मला त्या दिवशी झाला.

थोरल्याला गाडी पूर्ववत नवी करायची होती. चेसीवर वाळूचा मारा करून जुना रंग उडवायचा, पावडर कोटिंग करायचे, टाकी कारखान्यासारखी लालभडक रंगवायची, इंजिन उघडून सारे बदलायचे आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती पळवायची. धाकटा म्हणत होता, तिला बोटही लावायचे नाही. ती जशी बाबांनी भिंतीला टेकवून ठेवली, तशीच राहील.

मी कोठारात जाऊन गाडी पाहिली. टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे स्वाराचे गुडघे घासत, तिथला रंग उडून खालचे पांढुरके धातू दिसत होते. उजव्या अंगाला एक मोठा पोचा. मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर दुसऱ्याच कंपनीचे, हँडलही मूळचे नव्हे. चेसीच्या खालच्या नळीला एकदा तडा गेला होता, आणि त्या शेतकऱ्याने शेतीच्या अवजारांसाठी ठेवलेल्या वेल्डिंग यंत्राने तो रातोरात जोडला होता. तो ओबडधोबड सांधा बोटाला लागत होता. कडेच्या हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक काढलेला होता, आणि त्यातील सातचा आकडा जरासा कललेला होता. इंजिन मात्र घट्ट बसले होते. त्या काळी शर्यतीचे लोक टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये एरंडेलयुक्त तेल मिसळत. त्याचा वास सुटला की प्रेक्षक वेडे होत. पण ते तेल वर्षानुवर्षे पडून राहिले की डिंकासारखे चिकटते. पिस्टन जागचा हलत नव्हता. आरे गंजले होते, टायरांना भेगा पडल्या होत्या.

मी दोघांना निरनिराळे भेटलो. थोरल्याचा जन्म १९६८ चा. त्याने वडिलांना शर्यतीत पाहिले होते. सहा-सात वर्षांचा असताना दोरीपलीकडे आईचा हात धरून तो उभा राही. त्याच्या आठवणीतले वडील म्हणजे आवाज, एरंडेलाचा वास आणि अंगावर उडणारी वाळू. धाकटा १९७५ चा. त्याने एकही शर्यत पाहिली नव्हती. त्याला ठाऊक असलेली गाडी म्हणजे कोठारातली, स्तब्ध उभी. कडबा काढायला गेले की वडील तिच्या सीटवर क्षणभर हात ठेवीत. ज्याने ती धावताना ऐकली होती त्याला ती पुन्हा धावायला हवी होती, आणि ज्याने ती उभीच पाहिली होती त्याला ती उभी राहायला हवी होती. दोघेही बापालाच मागत होते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि तो पिता असता तर कदाचित त्यालाही सांगता आले नसते.

मी यंत्रातला जाणकार नव्हे. पण लुव्हेनमध्ये मी ज्या रस्त्याने रोज वर्गाला जाई, तो जुन्या बेगिनाज वस्तीतून जाई. व्रतस्थ स्त्रियांची ती शतकानुशतकांची वस्ती मोडकळीला आली असता विद्यापीठाने १९६२ मध्ये विकत घेतली आणि प्राध्यापक रेमों लमेर यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार केला. १९६४ मध्ये व्हेनिस येथे स्मारकांच्या जतनाविषयी जी सनद तयार झाली, तिच्या लेखनात या लमेर यांचा मोठा वाटा होता. जोएल रोबेरचे पहिले अजिंक्यपद याच वर्षीचे, हा नुसता योगायोग. त्या सनदेतले तीन विचार मला त्या कोठारात उपयोगी पडले: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, वास्तूवर निरनिराळ्या काळांनी घातलेली भर आदराने पाहिली पाहिजे, आणि जे जे केले त्याची नोंद ठेवली पाहिजे.

थोरल्याला मी विचारले, “मूळ रूप म्हणतोस ते कोणत्या दिवसाचे?” कारखान्यातून निघालेली, चकचकीत, कोऱ्या टाकीची गाडी त्याच्या वडिलांकडे फार तर पहिला रविवार उजाडेपर्यंत होती. त्यानंतरची सहा वर्षे ती बदलतच गेली. शर्यतीच्या गाडीचे असेच असते. आज हे मोडले, उद्या ते बदलले. कारखान्याच्या माहितीपत्रकातली गाडी परत आणली तर ती झेक कामगारांची होईल, वडिलांची राहणार नाही. पॅरिसच्या नोत्र-दामचेही असेच आहे. १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत कोसळलेला तिचा मनोरा मध्ययुगातला नव्हताच, तो एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक याने उभारलेला होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये कथीड्रल पुन्हा उघडले तेव्हा त्याच मनोऱ्याची प्रतिकृती आकाशात उभी होती. लोकांना आठवत होता तो मनोरा तोच.

धाकट्यालाही मला काही विचारायचे होते. बोट लावायचे नाही असे आपण म्हणतो, पण गंज कोणाचे ऐकून थांबत नाही. आतल्या बेअरिंगना दमट हवा खात होती. गुडघ्यांनी घासलेला रंग ही वडिलांची खूण, हे मान्य. पण आऱ्यांवरचा गंज वडिलांचा कसा? तो तर नुसत्या दुर्लक्षाचा.

बाईंना मी आपल्या वसईच्या किल्ल्याची हकीकत सांगितली. किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचे चर्च आहे. त्याला छप्पर नाही, जमिनीत पोर्तुगीजांच्या थडग्यांचे दगड आहेत, वर आभाळ आहे. जवळच जेझुइटांचे चर्च आहे. त्याचा जीर्णोद्धार झाला आणि संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने तिथे आता मिस्सा होतो. त्यांनी विचारले, “तुम्ही प्रार्थना कुठे करता?” मी म्हणालो, छपराखाली. “आणि पाहुणे आले तर त्यांना दाखवता कुठले?” मी म्हणालो, दुसरे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

पण खरे सांगायचे तर माझ्या मनाचा निर्णय झाला तो संत ऑगस्टिन यांच्यामुळे. ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात पुनरुत्थित देहाची चर्चा करताना ते हुतात्म्यांच्या जखमांकडे येतात. त्या देहांत वैगुण्य उरणार नाही, तोडलेले अवयव परत लाभतील. पण ख्रिस्तासाठी सोसलेल्या घावांच्या खुणा कदाचित राहतील, आणि त्या विद्रूप न दिसता गौरवाच्या दिसतील, असा त्यांचा विचार आहे. पुनरुत्थित प्रभूने थॉमसला दाखवले ते खिळ्यांचे व्रणच. पित्याने आपल्या पुत्राला मृत्यूतून उठवले आणि त्याचे हात कोरे करून दिले नाहीत. संत थॉमस अक्विनस यांनी तर या व्रणांवर एक स्वतंत्र प्रश्नच उपस्थित केला आहे. गोठ्यामागच्या कोठारात हे आठवावे हे काहींना विचित्र वाटेल. मला वाटले नाही. जे गळून गेले ते परत द्यावे, जे सोसले त्याची खूण ठेवावी. हा विवेक देहाला लागू असेल तर देहाने झिजवलेल्या वस्तूलाही लागू आहे.

मग एका शनिवारी आम्ही चौघे कोठारात उभे राहिलो आणि एकेक भाग पाहत गेलो. इंजिन उघडायचे, बेअरिंग, ऑइल सील आणि पिस्टनच्या रिंगा बदलायच्या. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवायचा, आणि ती नोंद धाकट्याने लिहायची. यिकोव कार्बोरेटर धुऊन तोच बसवायचा. आरे हलक्या हाताने घासून तेलाचा हात द्यायचा. टाकीला फक्त मऊ फडके. थोरला क्रमांकाच्या पत्र्यांपाशी अडला. ते नवे मिळतात, सुबक आकड्यांचे, असे तो म्हणाला. तेव्हा बाई बोलल्या. “ते आकडे मी काढले आहेत. दाराला रंग दिला होता, त्यातला उरला होता. तू पोटात होतास.” ही शेवटची ओळ त्यांनी धाकट्याकडे पाहून उच्चारली. दोघांनाही हे ठाऊक नव्हते. पत्र्यांचा विषय तिथेच संपला.

वेल्डिंगचा सांधा मात्र सहज सुटला नाही. गावातल्या वेल्डरने टॉर्च लावून पाहिले आणि मान हलवली: उडी मारलीत तर मोडेल. शर्यतीत उतरायचे तर नळी कापून नवी घालावी लागणार होती. वडिलांच्या हातचा तो एवढाच सांधा. थोरला कोठाराबाहेर जाऊन सिगारेट ओढत बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, शर्यत राहू दे, नुसती चालू होऊ दे. त्याचे नुकसान मोठे होते, आणि ते त्याने कोणाच्या सांगण्यावरून पत्करले नाही. मी तर तेवढ्या वेळात तोंडही उघडले नव्हते.

तो हिवाळा दोघांनी शनिवारी-शनिवारी तिथे काढला. पिस्टन सुटायला तीन आठवडे लागले. रोज थोडे तेल, थोडी ऊब, लाकडी ठोकळ्याचा हलका ठोका. बोलणे बहुतेक गाडीविषयीच होई. शेताच्या वाटणीचा प्रश्न होताच, तो गाडीने सोडवला नाही. २००४ च्या ईस्टरनंतर एका दुपारी इंजिन चालू झाले. आवाज भयंकर होता. कोंबड्या पळाल्या, कोठारात निळा धूर भरला. थोरल्याने मुद्दाम एरंडेलयुक्त तेल मिळवून आणले होते. धाकट्याने तो वास आयुष्यात पहिल्यांदा घेतला आणि भावाकडे पाहिले. बाई दारात उभ्या होत्या. दोन-तीन मिनिटांनी त्या म्हणाल्या, शेजारी जेवून पडले असतील, आता बंद करा.

टायरचा वाद मी तिथून निघेपर्यंत मिटला नव्हता. जुन्या टायरांच्या खाचांत अजून केंपेनची वाळू होती म्हणून धाकटा ते काढू देईना; आणि भेगा पडलेल्या टायरांवर गाडी अंगणाबाहेर नेणे थोरल्याला मान्य नव्हते.