आपला विश्वासू

बँकेतला कारकून संध्याकाळी रिकामा असतो, अशी आमच्या वणीत समजूत आहे. (काहींच्या मते तो दिवसाही रिकामाच असतो, पण ही सगळी कर्ज नामंजूर झालेली मंडळी.) या समजुतीपायीच एका प्राध्यापक मित्रानं मला कॉमर्सच्या पोरांना व्यापारी पत्रं शिकवायला उभं केलं.

पत्राचा सांगाडा शिकवणं सोपं. तारीख, 'प्रति', विषय, संदर्भ, 'महोदय', मजकूर आणि शेवटी 'आपला विश्वासू'. पत्त्यात पिनकोड ४४५३०४ विसरायचा नाही. १९७२ साली पिनकोड आले ते काही शोभेसाठी नव्हे. खरी पंचाईत मजकुराची.

वणीत पांढरा कापूस आणि काळा कोळसा असे दोन मोठे व्यवहार. मी हात स्वच्छ ठेवून कापूस निवडला. म्हटलं, "व्यापाऱ्याकडे कापसाचे पैसे थकलेत. मागा."

पोरांनी मागितले! एकानं व्यापाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी केली. दुसऱ्यानं 'आपणांस सवड झाल्यास व गैरसोय होत नसल्यास' असं लिहून त्याला जन्मभराची मुदत दिली. तिसऱ्यानं शेवटी सही केली, 'आपला आज्ञाधारक'. रक्कम किती, हे मात्र कोणीच लिहिलं नव्हतं.

यात पोरांचा दोष नाही. शाळेत आपण पहिलं पत्र लिहितो ते हेडमास्तरांना, रजेसाठी. तेव्हापासून पत्र म्हणजे हात जोडणं, हे मनात बसतं. कर्जाचं गाऱ्हाणं तर पहिल्या बाजीरावानंही ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांतून ऐकवलंय. पण कर्जदारानं नमतं घेतलं तर समजू शकतं. आपलेच पैसे मागणाऱ्यानं का वाकावं?

शिवाय कायद्याला नम्रता कळत नाही, तारीख कळते. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत. चेक न वटता परत आला आणि फौजदारी तक्रार करायची असेल, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. त्यात 'सवड झाल्यास' चालत नाही.

तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा आला. "सर, आमच्या कापसाचे पैसे एक जण खरंच देऊन नाही राहिला. बाबा दर आठवड्याले जाते अन् चहा पिऊन वापस येते."

"पावती आहे?"

"हो जी. काट्याची."

मग आम्ही बसलो. पावतीचा नंबर, तारीख, क्विंटल, भाव, मिळालेले पैसे, बाकी रक्कम, आणि '१५ दिवसांत द्यावेत'. पाच ओळी. एकही 'कृपया' नाही, एकही शिवी नाही. शेवटाला पोरगा अडला.

"सर, 'आपला विश्वासू' लिहू काय? तो कुठं विश्वासू हाय?"

"अरे, विश्वासू तू आहेस. तो नाही, म्हणून तर पत्र!"

पत्राची प्रत घरी ठेवली, मूळ पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं, पावती जपली. नवव्या दिवशी व्यापाऱ्यानं बाबांना बोलावून घेतलं.

या खेपेला त्यानं चहा विचारला नाही. पैसे दिले.