चुंबळ

आमच्या घरामागची विहीर आजोबांनी खणली. धर्मापुरीच्या काळ्या खडकात पाणी लागले, याचा आमच्या घराला तीन पिढ्यांचा अभिमान. केदारेश्वराचे देऊळ पाहायला आलेला पाहुणा आमच्याकडे तांब्याभर पाणी प्यायला, की आई त्याच्या तोंडाकडे पाहत राही. "काय गोड पाणी!" असे त्याने म्हटलेच पाहिजे. माझ्या एका कादंबरीत मी या पाण्याला एक अख्खे प्रकरण देऊन टाकले आहे.

गेल्या वर्षी धाकटी बहीण बाळंतपणासाठी आली. त्याच सुमारास रसायनशास्त्र शिकणारी पुतणी सुटीवर आली होती. तिने जाताना विहिरीच्या पाण्याची बाटली तपासायला नेली. अहवालात होते: नायट्रेट, लिटरला ७२ मिलिग्रॅम. मर्यादा ४५ ची. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पाणी गोडच होते! पण सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला असल्या पाण्यात कालवलेले दूध पाजले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडू शकते.

"उकळून देऊ की! त्यात काय मोठं?" आई म्हणाली.

"आजी, उकळल्यानं पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. तुरटीलाही ते दाद देत नाही."

मी भिंतीवरून पलीकडे पाहिले. आमचाच गोठा, आमचाच उकिरडा, आणि पलीकडे मीच युरिया टाकलेले शेत. बोट दाखवायला दुसरे कोणी नव्हते.

मी मॅट्रिकपुढे गेलो नाही. तरी विचारले, "एवढं शास्त्र आहे, मग ते पाण्यातून नेमकं धरून काढता येत नाही?"

"तेच तर अवघड, काका. नायट्रेट ऋणभारित कण आहे. असल्या कणांचे आकार तऱ्हेतऱ्हेचे, आणि पाणी त्यांना चहूकडून बिलगलेलं. त्या मिठीतून एकालाच ओळखून काढणारा रेणू घडवायचा."

आई तेव्हा विकतच्या पाण्यासाठी नवा माठ मांडत होती. जुन्या लुगड्याचे फडके पिळून तिने चुंबळ केली. पुतणी हसली. "हे बघा! १८८६ मध्ये बायर या जर्मन रसायनज्ञानं पायरोल आणि ॲसिटोन यांपासून चार घटकांचं असंच एक कडं केलं. ११० वर्षांनी, १९९६ मध्ये, अमेरिकेत टेक्सासच्या जोनाथन सेस्लर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, त्याचे चारही हायड्रोजन एका बाजूला वळतात आणि त्यांवर फ्लोराइड किंवा क्लोराइड बसतं, चुंबळीवर माठ बसावा तसं."

शंभर वर्षे चुंबळ होती. माठ ठेवून पाहिला नव्हता!

"मग नायट्रेटची चुंबळ?"

"नायट्रेट माठासारखं गोल नाही, तीन टोकांचं, चपटं. भारही विखुरलेला, त्यामुळे पकड सैल. पण राळेचे धनभारित मणी असतात. साधे मणी आधी सल्फेट उचलतात. म्हणून धनभाराभोवतीच्या साखळ्या जाड केल्या. सल्फेटला जवळजवळच्या दोन जागा लागतात, त्या मिळेनाशा झाल्या. नायट्रेटला एक पुरते. मग मिठाच्या पाण्यानं धुतलं की क्लोराइड त्याची जागा घेतं आणि नायट्रेट सुटतं."

"इतकं खटपटीनं धरायचं, आणि सोडायचं?" मी म्हणालो.

उत्तर आईने दिले. "अरे, चुंबळ डोक्यावर ठेवतात, घागरीला शिवून टाकत नाहीत. घागर उतरली नाही तर पुढची खेप कशी करायची?"

"पण सुटलेलं नायट्रेट त्या खारट पाण्यात असतंच," पुतणी म्हणाली. "ते पुन्हा कुठं ओतायचं, हा प्रश्न राहतो."

दुसऱ्या दिवशी मी उकिरडा शेताच्या पार टोकाला हलवला. युरियाही निम्मा केला. यंदा पुन्हा पाणी तपासले: ६६. आजोबांच्या विहिरीवर चढवलेले ऋण एका वर्षात फिटणारे नव्हे.

कादंबरीतले 'गोड' हे विशेषण मी खोडलेले नाही. ते खोटे नाही, पुरेसे नाही एवढेच. भाची आता वर्षाची झाली. आई तिला माठातले पाणी पाजते आणि स्वतः मात्र, आमची नजर चुकवून, अजून विहिरीचेच पिते.