किती सोडले?

फ्लूक हा मासा जन्मतो तेव्हा चारचौघा माशांसारखाच असतो. उभा पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे. मग काही आठवड्यांत त्याचा उजवा डोळा कपाळावरून सरकत डाव्या बाजूला येतो आणि स्वारी उजव्या कुशीवर आडवी होते ती कायमची. खालची बाजू पांढरी राहते, वरची वाळूच्या रंगाची होते. वाळू बदलली की रंगही बदलतो. अंगावर वाळू उडवून घ्यायची, दोन डोळे तेवढे उघडे ठेवायचे आणि वरून काही जाईल याची वाट बघत पडून राहायचं. कोकणातल्या वाचकांनी लेप किंवा भाकस डोळ्यांसमोर आणावा, लांबच्या नात्यातलेच आहेत. मी नेवासा तालुक्यातला. मला ठाऊक मरळ, वाम, चिलापी, कटला. न्यू जर्सीत आल्यावर पहिला फ्लूक पाहिला तेव्हा वाटलं, बिचाऱ्यावर कुणाचा तरी पाय पडलाय.

आता चौदा-पंधरा उन्हाळे मी याच्या मागे आहे. अटलांटिक हायलँड्सच्या धक्क्यावरून सकाळी तीस-चाळीस माणसांची बोट सुटते, सँडी हूकच्या आसपास जाते आणि कप्तान इंजिन बंद करतो. नांगर टाकत नाही. हा मासा पाठलाग फारसा करत नाही, आपल्या जागी दबा धरून बसतो. म्हणून बोटीनेच त्याच्यावरून वाहत जायचं. भरती-ओहोटीचा ओढ आणि वारा मिळून नेतील तिकडे. तासाला पावणेदोन-दोन किलोमीटर हा चांगला वेग. वारा आणि ओढ एकमेकांविरुद्ध असले तर बोट जागच्या जागी डुलते, मासा लागत नाही आणि पोटात मात्र ढवळतं. पट्टा संपला की इंजिन चालू करून परत वर यायचं, पुन्हा बंद, पुन्हा वाहायचं.

गळाला ते लोक बकटेल म्हणतात. शिशाचं डोकं, त्यात ओतलेला आकडा आणि मागे हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुपका, पांढरा किंवा रंगवलेला. आकड्याला माकुळाची एक पट्टी लावायची. शिसं किती, हा सगळा खेळ. तळाला टेकल्याचं हाताला कळलं पाहिजे इतकं जड, आणि टेकल्यावर सहज उडवता आलं पाहिजे इतकं हलकं. कधी तीस ग्रॅम पुरतं, ओढ वाढला की शंभर ग्रॅमही कमी पडतं. दोरी सरळ खाली हवी. ती तिरपी पळायला लागली की तुम्ही पाण्यातून नुसता झुपका ओढत फिरता आहात असं समजावं. मग टिचकी मारल्यासारखं वीतभर वर, पुन्हा खाली, टप. वर, खाली, टप. घायाळ झालेला बारका मासा तळावर धडपडतोय असं त्या दोन डोळ्यांना दिसतं. एखादा टप उमटत नाही, त्या जागी काहीतरी जड लागतं. तो फ्लूक.

गळ धरायला मी शिकलो तो प्रवरासंगमला. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि जायकवाडीचा फुगवटा तिथवर येतो. शाळेतला एक मित्र भोई समाजातला. त्यांचा थर्माकोलचा चप्पू होता, त्यावर बसून आम्ही गांडूळ लावून गळ टाकायचो. घरी कळायची सोय नव्हती. अण्णा माळकरी. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाचा शेजार, आषाढीची वारी, घरात अंडंसुद्धा नाही. मासे मी मित्राच्या घरी खायचो आणि बडीशेप चघळत सायकलवरून घरी यायचो.

अण्णांचा पाण्याशी संबंध वेगळा होता. आमचं गाव मुळा उजव्या कालव्याच्या टेलला. मुळा धरण २६ टीएमसीचं, पण टेलच्या शेतकऱ्याला धरण किती भरलं यापेक्षा आवर्तन कधी सुटतं आणि वरचे लोक किती खाली येऊ देतात याचीच चिंता. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याला धरून ठेवायचं, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारीवर बसायचं. आमच्याकडे पाणी येत नाही, ते कुणीतरी सोडतं. "किती सोडलंय?" हा नगर जिल्ह्यातला रामरामानंतरचा दुसरा प्रश्न आहे.

२०१८च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे अडीच महिने राहून गेले. धक्क्यावर त्यांनी पहिल्यांदा ओहोटी पाहिली. सकाळी खांबावर ओली रेघ होती ती दुपारी डोक्याएवढी वर गेली. "हे कोण सोडतं रे?" त्यांनी विचारलं. थट्टेत विचारलं, पण नजर खांबावरून हटली नाही. रोज दोनदा, न मागता, अर्ज न भरता पाच फूट पाणी चढतं आणि उतरतं, हे त्यांना जरा उधळपट्टीचं वाटलं असावं. मी त्यांना मुंबईकडचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दोन दिवसांत त्यांनी आमच्या फ्रिजवरचं कालनिर्णय आणि धक्क्यावरचा तक्ता ताडून पाहिला आणि इथे पाऊणपट करून आठ तास मिळवावे लागतात असं मला कळवलं. ते साधारण बरोबर आहे. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

बोटीवरही आले. "बघतो, हात लावणार नाही," या अटीवर. टोपी, स्वेटर, गळ्यात माळ. शेजारच्या पोलिश म्हाताऱ्याने त्यांना केळं दिलं नाही, कारण बोटीवर केळं अपशकुनी मानतात, पण सफरचंद दिलं. त्या दिवशी मला सात फ्लूक लागले. आमच्या भागात नियम होता: अठरा इंचांपेक्षा लहान ठेवायचा नाही, आणि माणशी तीनच. माझे सहा लहान निघाले, ते सोडले. एक एकोणीस इंचांचा, तो ठेवला. अण्णा मोजत होते.

परतताना म्हणाले, "खायचे नव्हते तर धरले कशाला?"

मी नियम समजावला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा मासा पार रोडावला होता, मर्यादा आल्या म्हणून सावरला. ते खरं आहे आणि नियम मला आजही योग्यच वाटतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला तो शेतकऱ्याचा होता: "सोडलेले सगळे जगतात?"

नाही. गळाने हौशी लोकांनी पकडून सोडलेल्या फ्लूकांपैकी दहा टक्के मरतात, असं सरकारी शास्त्रज्ञ हिशेबात धरून चालतात. गिळलेला आकडा, फाटलेला कल्ला, कोरड्या हाताने निघालेला चिकटा. मी आकडा सांगितला.

"म्हणजे दहातला एक कुणी न खाताच गेला," अण्णा म्हणाले. "खाल्ला असता तर पाप निदान कुणाच्या पोटात तरी गेलं असतं."

माळकऱ्याच्या तोंडून हे मला अपेक्षित नव्हतं. माझा मित्र प्रवरासंगमला कधीच काही सोडायचा नाही. जाळ्यात आलं ते बाजारात जायचं, नाही तर कालवणात. तो 'सोडणे' हे क्रियापद फक्त बोटुकलीसाठी वापरायचा. जलाशयात मत्स्यबीज सोडतात ते. त्याच्यापुढे मी सहा मासे परत टाकले असते तर त्याने मला चप्पूवरून ढकललं असतं. आणखी एक गोष्ट मी अण्णांना सांगितली नाही, कारण सांगून उत्तर नव्हतं. फ्लूकची मादी नरापेक्षा भराभर वाढते, त्यामुळे अठरा इंचांवरचे बहुतेक मासे माद्याच असतात. आम्ही लहान सोडतो आणि अंडी घालणाऱ्या घरी नेतो.

अण्णा परतले त्या साली आमच्याकडे पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीच्या तोंडावर समन्यायी वाटपाच्या कायद्याप्रमाणे वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं. नगरमध्ये मोर्चे, मराठवाड्यात मोर्चे. मुळेचं ते पाणी आमच्या कालव्याने नाही, नदीने गेलं, नेवाशावरून पुढे. मी फोनवर विचारलं तेव्हा वाटलं, चिडलेले असतील. "त्यांनाबी तहान आहेच की," एवढंच म्हणाले. राग होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. कोरड्या नदीत सोडलेलं पाणी आधी वाळू पिते, मग काठच्या मोटारी. धरणाच्या दारात मोजलेलं आणि नाथसागरात पोचलेलं यांचा मेळ कधी बसत नाही. "सोडलं म्हणून कागदावर लिहितात," अण्णा म्हणाले, "पोचलं ते कोण लिहितं? तुझ्या माशांसारखंच."

मासेमारी मी सोडली नाही. सोडावी असंही वाटत नाही. आठवडाभर पडद्याकडे बघणाऱ्या माणसाला तो टप हवा असतो. पण काही गोष्टी बदलल्या. आकड्याची उलटी टोच पकडीने दाबून टाकतो, मग तो सहज निघतो. त्यात चारदोन मोठे मासेही निसटतात. बकटेलच्या वर दुसरा आकडा लावायची पद्धत आहे, तो लावत नाही. पट्टी मोठी लावतो, म्हणजे वीतभर पोरं त्या वाटेला कमी जातात. मासा बोटीत घ्यायच्या आधी हात ओला करतो. आणि मोजतो. दहा सोडले की त्यातला एक माझ्या नावावर मेला असं धरून गळ गुंडाळायचा, ठेवायला एकही मिळालेला नसला तरी. बोटीवरच्या नेहमीच्या मंडळींना हा हिंदू धर्मातला काही नियम वाटतो. मी तसंच राहू दिलंय.

अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. रविवारी फोन असतो. आधी तिकडचं आवर्तन, मग इकडचं. "किती सोडले?" विचारतात, किती धरले हे विचारत नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी लहान फ्लूकांचा नुसता सुकाळ होता. साडेनऊला माझा दहावा झाला. बोट परतायला चार तास होते. दांडी रॅकला लावली आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. शेजारचा माणूस अकरावा, बारावा, तेरावा काढत होता. वारा दक्षिणेचा होता, ओढही त्याच दिशेचा, बोट छान वाहत होती.