समुद्राच्या अटींवर

टेंभी नाक्यावर राहणाऱ्या माणसाला एक सुप्त गर्व असतो. त्याला कुठे जावं लागत नाही, सगळं त्याच्या दारात येतं. दहीहंडीला गोविंदा पथकं ट्रक भरभरून इथे येतात. नवरात्रात देवी इथे बसते आणि तिच्या मागोमाग पाळणे, खेळणी, भेळेच्या गाड्या आणि अख्खं ठाणं लोटतं. स्टेशन, बाजार, तलावपाळी सगळं पायी जाण्यासारखं. जग आपल्या गॅलरीखालून जातं, अशी समजूत व्हायला एवढं पुरे.

सुट्टीला निघतानाही ही समजूत सामानात असतेच. रिसॉर्ट नावाचा प्रकार तर तिच्याच जोरावर चालतो. मालवण-तारकर्लीला त्या मानाने थाट घरगुती आहे, पण तिथेही बांगडा तळू की तिखल्यात घालू, सोलकढी आणखी वाढू का, हे विचारायला कोणीतरी पाठीशी उभं असतं. आपण पैसे मोजलेले असतात आणि सगळ्या गावाला जणू त्याची खबर असते.

समुद्राला मात्र ती नसते.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्यावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्याच्या आसपासच्या खडकांत आज स्कूबाच्या होड्या नांगर टाकतात. १९८७ साली हा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात पाणी नितळ असतं, त्यामुळे होड्यांची गर्दीही तेव्हाच.

होडीत आधी शिकवणी होते. ती देणारा मुलगा आपल्या निम्म्या वयाचा असतो. तो सांगतो की अंगठा वर केला म्हणजे ‘छान चाललंय’ नव्हे, ‘मला वर न्या’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. आणि काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. यामागे साधा हिशेब आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि तिला वाट दिली नाही, तर फुप्फुस फाटू शकतं. आमच्यासारख्या हौशींना तेवढं खोल नेत नाहीत, पण नियम उथळ पाण्यातही तोच. घाबरलेला माणूस पहिल्यांदा श्वासच रोखून धरतो. इथे नेमकी त्याचीच मनाई.

पाठीवर सिलिंडर, कमरेला वजनाचा पट्टा आणि दातांत रबर धरून पाण्यात उतरलं की हुद्दा, वय, ओळख यांतलं काही चालत नाही. बोलता येत नाही, म्हणजे घासाघीस नाही आणि फुशारकीही नाही. त्या मुलाने मागून सिलिंडर धरलेला असतो. तो नेईल तिकडे जायचं.

खाली एका खडकाच्या उभ्या अंगावर जांभळट डाग दिसला. जवळ गेल्यावर कळलं की ती अंडी आहेत, एकमेकांना खेटून चिकटलेली. त्यांच्यासमोर पिवळसर पाठीचा, काळ्या उभ्या पट्ट्यांचा, वीतभरही नसेल असा मासा घिरट्या घालत होता. या जातीत अंडी राखायचं काम नराचं. मी आणखी सरकलो तसा तो सरळ माझ्या मास्कवर चालून आला. काचेशी थबकला, वळला, परत आला. पाण्यात वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे तो मला चांगला दांडगा वाटला. त्याला मी कसा वाटलो असेन कोण जाणे, पण पाहुणा नक्कीच वाटलो नसेन.

मग त्या मुलाने पावाचा चुरा सोडला. क्षणात त्याच जातीच्या माशांचा थवा भोवती जमला आणि कॅमेरा चालू झाला. किनाऱ्यावर प्रत्येकाच्या फोनमध्ये हाच व्हिडिओ असतो. मासे तेच, पाव तोच, मधला माणूस तेवढा वेगळा. पाव हे माशांचं अन्न नव्हे. खडकावरचं आपलं खाणं सोडून ते होडीची वाट पाहू लागतात. समुद्रातही आपण वाढपी नेमले, म्हणायचं.

पैसे वसूल झाले ते त्या व्हिडिओने नव्हे. पुऱ्या सहलीत मला ‘चल निघ’ म्हणणारा तो अंडी राखणारा मासा एकटाच होता आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. घर त्याचं होतं. आपल्यावाचून काही अडत नाही अशी जागा पाहायला मिळणं ही चैन आहे, आणि नाक्यावरच्या माणसाला तर तिची जास्तच गरज. मालवणात ही जागा दरवर्षी दारही लावून घेते. मेअखेरीला पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्ट संपेपर्यंत.

पुन्हा उतरायची वेळ आली तेव्हा मी त्या मुलाला पाव होडीतच ठेवायला सांगितला. तो हसला. “पाव टाकलो नाय तर मासे येवचे नाय, काका. मगे व्हिडिओत काय दिसतला?”

म्हटलं, “नाही आले तर आपण जाऊ त्यांच्याकडे. लांबून बघू.”

त्याने पिशवीची गाठ मारली आणि माझ्या मास्कचा पट्टा घट्ट केला.